वाट पाहणारा वाचक

मराठीच्या शिक्षकाच्या टेबलावर साठ वह्यांचा गठ्ठा येतो. विषय ‘माझा आवडता सण’. दहा वह्या तपासून झाल्या की अकरावीत काय असणार ते ती उघडण्याआधीच कळतं. भारत हा सणांचा देश, दिवाळी ही सणांची राणी, घरोघरी पणत्यांची आरास. वाक्यं शुद्ध, अक्षर वळणदार, पण मूल कुठेच नाही. सोऱ्या फिरवताना आईचा हात कसा भरून आला, उसाच्या बिलाची वाट पाहत कपड्यांची खरेदी किती दिवस लांबली, यातलं काही वहीत उतरत नाही. तेच मूल मधल्या सुट्टीत हे सगळं हातवारे करून सांगत असतं.

इंदापूर तालुक्यात मराठी शिकवताना माझी एक खात्री होत गेली. मुलांना लिहिण्याचा कंटाळा नसतो. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे अशा माणसासाठी लिहिण्याचा त्यांना कंटाळा असतो. शिक्षक वही तपासतो, आणि तपासणं म्हणजे वाचणं नव्हे. खरा वाचक समोर आला की लेखणी कशी चालू लागते, याचे दाखले आपल्या भागात आहेत आणि दूरवरही आहेत. या लेखात त्यांचा आढावा घ्यायचा आहे.

चौदा वर्षांची निबंधलेखिका

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायची मुभा नाही तो आपला कसा, असा थेट सवाल तिने केला. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल तिने मांडले. तिच्या हाताशी कुणाचा नमुना निबंध नव्हता. होता तो तिने पाहिलेला, सोसलेला मजकूर, आणि तो शाळेच्या भिंतीपलीकडे वाचला जाणार होता. निबंधलेखनाच्या प्रत्येक तासाची सुरुवात या मुलीच्या नावाने व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

असा वाचक शाळेच्या आतही मिळू शकतो. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. रोज हाताने मजकूर लिहायचा, आणि तो त्याच दिवशी मुलांनी वाचायचा. छापखाना नको, निधी नको. कागद, दौत आणि उद्याचा अंक काढायचाच हा नेम एवढ्यावर ते भागलं. वर्षाअखेरीस एकदा निघणाऱ्या हस्तलिखितापेक्षा फळ्याशेजारी रोज लागणारं एक पान मुलांना जास्त लिहितं करतं, ते त्याच्या या ताजेपणामुळे.

नीरेपलीकडचा प्रयोग

बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. जन्माने अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन तिथे राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी डॉक्टरेट केली. शाळेबाहेर पडलेल्या मुलांसाठी वर्ग घेता घेता १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि त्यापाठोपाठ कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मुळाक्षरं ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घोकण्याऐवजी थोडी अक्षरं आणि काने-मात्रे एकत्र शिकवायचे, म्हणजे मुलाला लगेच अर्थाचे शब्द लिहिता-वाचता येतात, ही त्यांच्या पद्धतीची किल्ली. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत मनातलं लिहिणं लांबणीवर टाकायचं कारणच उरत नाही. घरची बोली सोबत घेऊन मूल वर्गात येतं आणि प्रमाण मराठी त्या बोलीच्या खांद्यावर उभी राहते. ‘व्हतं’ लिहिणाऱ्या मुलाला आधी पुढे काय झालं ते विचारावं. ‘होतं’ नंतर सांगता येतं.

दोन दूरच्या शाळा

फ्रान्समधले खेडेगावचे शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांच्या फुप्फुसाला पहिल्या महायुद्धात जखम झाली होती. फार वेळ बोलणं त्यांना झेपत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं शिवारात फिरून येत, पाहिलेलं लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूर समुद्रकाठच्या शाळेला पाठवत. तिकडून तिथल्या मुलांचा मजकूर येई. ज्याने आपलं गाव पाहिलेलं नाही त्याला ते सांगायचं, म्हणून वर्णन नेमकं करावं लागे.

इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीत, नापास ठरवलेल्या आठ मुलांनी मिळून आपल्या बाईंना लिहिलेलं पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने आलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून पोचलं. त्यांची रीत आपल्या कोणत्याही वर्गात चालेल. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्यांचे ढीग करायचे, दुबार आलेल्या काढायच्या, मग क्रम लावायचा. शेवटी एकेक वाक्य वाचून फालतू शब्द खुडायचे. ज्याला पान भरता येत नाही त्याला चिठ्ठी भरता येते. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे लेखक होतात.

मोरोपंतांचा खेळ

चिठ्ठ्यांसारखा लेखनाचा खेळ म्हटला की काही पालकांना वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. त्यांना कऱ्हाकाठच्या मोरोपंतांची आठवण करून द्यावी. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ, आणि आयुष्याचा मोठा भाग बारामतीत गेला. रामकथा तीच, पण दरवेळी नवी अट घालून त्यांनी ती पुन्हा पुन्हा रचली. १०८ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायची अक्षरं टाळली आहेत. हीच अट सातवीच्या वर्गात घालून पाहा: प, फ, ब, भ, म न वापरता आपल्या आईविषयी पाच ओळी. पहिल्याच शब्दाला मुलं अडतात, कारण ‘माझी’ बाद आणि ‘प्रेमळ’ही बाद. गाईडमधलं एकही वाक्य कामी येत नाही. मग मूल आठवू लागतं की आई सकाळी उठून काय करते. बंधनाने पाठ केलेली वाट बुजते आणि स्वतःची वाट शोधावी लागते. अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याशेजारी चाललेला हा खेळ आपण वर्गात आणलाच पाहिजे.

आपल्या शिवारातला मजकूर

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. ‘पालखी सोहळा’ हा निबंध दिला तर टाळ-मृदंगांचा गजर येईल. त्याऐवजी प्रत्येकाने एका वारकऱ्याला तीन प्रश्न विचारून त्याची उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून आणावीत. वारकऱ्याने पत्ता दिला तर लिहिलेलं त्याच्या गावी पोस्टाने पाठवावं.

निमगाव केतकीच्या पानमळ्यात वेल कसा बांधतात, खुडलेली पानं कशी लावतात, हे आजोबांना विचारून लिहिलं तर ते कृतिलेखन झालं. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, ते म्हातारे अजून गावागावांत आहेत. त्यांची आठवण ज्याने टिपली त्याच्या हातून मुलाखत, इतिहास आणि निबंध एकदमच झाला. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलांनी माहितीफलक लिहावा. चुकलेला शब्द कुणाच्या तरी नजरेस पडणार आहे हे कळलं, की शुद्धलेखनाचा आग्रह मुलंच धरतात.

दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्र, बातमी, जाहिरात, कथा हे सगळं आहे. या कामांतून गेलेल्या मुलाला परीक्षेचं भय राहत नाही. वेळेची अडचणही खरी आहे, म्हणून आठवड्यातला एक तास पुरे, पण तो ठरलेला असावा. कच्चं लिहायचं, शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, शेजाऱ्याने “मला हे कळलं नाही” असे दोन प्रश्न विचारायचे, मग पक्कं लिहायचं. लाल पेन शेवटी, आणि एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीसाठी.

कोपीतून आलेलं पत्र

दर हंगामात भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगरच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोड टोळ्या निघतात. त्यांच्यासोबत मुलंही येतात. वर्ष अर्धं झाल्यावर ती अनोळखी वर्गात मागच्या बाकावर बसतात. बसतातच असंही नाही. पण फड, मोळी, वाढं, कोयता, मुकादम, उचल हे शब्द त्यांच्याइतके अर्थासह कुणाला माहीत नसतात. आपल्या बागायतदार गावातली मुलं साखर खातात आणि उसाच्या गाड्यांमागे पळतात. पहाटेच्या थंडीत मोळी कशी बांधतात, ते त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून प्रत्येक शाळेने एक पत्रपेटी लावावी. गावातल्या मुलाने कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड टोळीच्या झोपडीतल्या मुलाला पत्र लिहावं: तुझं गाव कसं आहे, तिथे आत्ता कोण आहे, इथे तुला काय आवडलं? उत्तर दोन ओळींचं येईल. त्यात काना-मात्रा चुकलेला असेल. एखादं मूल चित्रच काढून देईल आणि खाली फक्त नाव लिहील. ते पत्र ज्याच्या नावाने आलं तो ते खिशात घडी घालून ठेवेल, दोनदा वाचेल आणि त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडून उत्तर लिहायला बसेल.

त्या संध्याकाळी त्याला कुणी गृहपाठ दिलेला नसेल.