जाल्लो : इटलीचे भडक रहस्यपट

सुरुवात : मारिओ बाव्हा यांचा ‘द गर्ल हू न्यू टू मच’ (१९६३). पुढच्याच वर्षी ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये त्यांनी फॅशन हाऊसमधले खून भडक लाल-निळ्या प्रकाशात रंगवले.

ठळक खुणा : काळे हातमोजे, चकाकता वस्तरा आणि पोलिसांना मागे टाकून स्वतःच तपासाला लागलेला साक्षीदार.

बहर : १९७०चं दशक. दारिओ अर्जेंतो यांच्या पहिल्याच चित्रपटाला, ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ला (१९७०), एन्निओ मोरिकोने यांचं संगीत.

आधी हा पाहा : ‘डीप रेड’ (१९७५). तुरिनचे निर्मनुष्य चौक, गॉब्लिन बँडचं झपाटून टाकणारं संगीत. पडद्यावर दिसणारे खुन्याचे हात खुद्द अर्जेंतोंचे! खुन्याचा चेहराही सुरुवातीलाच क्षणभर दिसतो. पण बहुतेकांच्या नजरेतून तो निसटतो.