लोकनायक आणि त्याच्या शेजारचा आसनस्थ
(राज्यतंत्राचे मर्म : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात लोकानुनयी नेता आणि त्याचा जनसमुदाय यांच्यामधील थेट नात्याचा विचार झाला. पक्ष, विधिमंडळ, वृत्तपत्रे, सरकारी दप्तरे हे सारे मध्यस्थ बाजूस सारून जो पुरुष लोकांच्या दुःखाला आपले दुःख म्हणतो आणि ज्याच्या शब्दावर लक्षावधी माणसे निःशंकपणे विसंबतात, त्याला आपल्या शेजारी दुसऱ्या कोणास बसवावे लागले म्हणजे त्या विश्वासाचे काय होते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. १५ जुलै २०२४ रोजी मिल्वॉकी येथील पक्षाधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले. काही वर्षांपूर्वी ज्यांनी ट्रम्प यांच्यावर कठोर टीका केली होती, तेच आता त्यांचे सहउमेदवार झाले, ही गोष्ट अनुयायांनी कशी स्वीकारली याची चर्चा जगभर झाली. हैदराबादच्या रहिवाशाला मात्र हा प्रश्न परदेशचा वाटण्याचे कारण नाही. कारण अकरा वर्षांच्या अंतराने हाच पेच या शहराने दोन वेळा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा त्याचा निकाल अगदी निरनिराळा लागला आहे.

तत्पूर्वी अमेरिकेतीलच एक जुने उदाहरण सांगणे अगत्याचे आहे. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा अवघ्या छत्तीस वर्षांचा वक्ता कर्जबाजारी शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून उदयास आला आणि शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. परंतु त्याच्या जोडीला त्या अधिवेशनाने जो मनुष्य निवडला तो आर्थर सिवॉल हा मेन प्रांतातील जहाजे बांधणारा धनिक, एका बँकेचा अध्यक्ष आणि रेल्वे कंपनीचा संचालक होता. ज्या सावकारांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या विरुद्ध शेतकरी उठले होते, त्यांच्यापैकीच एक त्यांच्या नायकाच्या शेजारी येऊन बसला. सेंट लुईस येथे भरलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या अधिवेशनाने यावर जो उपाय केला तो फार बोधप्रद आहे: नित्याचा क्रम उलटवून त्यांनी प्रथम उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडला, त्या जागी जॉर्जियाच्या टॉम वॉटसनचे नाव घातले आणि मग ब्रायनला उमेदवारी दिली. नायक मान्य, त्याचा सोबती अमान्य, असा तो कौल होता. त्या देशात १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी निर्वाचकांची मते वेगळी नोंदविली जात असल्यामुळे या दुभंगाची सरकारी दप्तरातच रुजवात झाली. ब्रायन १७६ मते मिळवून रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्लीकडून हरला, आणि त्या १७६ पैकी १४९ मते सिवॉलला तर २७ वॉटसनला पडली.

आता आपल्या शहराकडे वळू. २९ मार्च १९८२ रोजी नंदमुरी तारक रामाराव यांनी हैदराबादेत तेलुगू देशम् पक्षाची घोषणा केली आणि ‘चैतन्यरथम्’ या नावाने सजविलेल्या शेव्हर्ले गाडीत बसून ते गावोगाव फिरले. पडद्यावर राम-कृष्णांच्या भूमिका केलेला हा नट रस्त्याच्या कडेला निजत असे, स्त्रियांना घरच्या लेकीबहिणी म्हणून संबोधीत असे आणि दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याचे वचन देत असे. दिल्लीहून मुख्यमंत्री नेमले आणि काढले जाण्याचा जो शिरस्ता पडला होता, त्याने दुखावलेल्या तेलुगू स्वाभिमानाला त्यांनी वाचा दिली. पक्षाच्या स्थापनेला वर्षही पुरे झाले नसता आंध्र प्रदेश विधानसभेच्या २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या आणि ९ जानेवारी १९८३ रोजी लालबहादूर स्टेडियमवर, राजभवनाच्या बंदिस्त दालनात नव्हे तर हजारो लोकांच्या समक्ष, त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

परंतु ज्याला राज्यकारभाराचा अनुभव नाही त्याला तो असलेला कोणी हाताशी धरावाच लागतो, आणि तो अनुभव त्या काळी काँग्रेसमध्येच होता. नादेंडला भास्करराव हे काँग्रेसचे माजी मंत्री पक्षस्थापनेपासून रामारावांच्या बरोबर होते; मंत्रिमंडळात अर्थखाते त्यांच्याकडे आले आणि अघोषितपणे का होईना, दुसरे स्थानही. १९८४ च्या उन्हाळ्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेस गेलेले रामाराव परतले, आणि स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट रोजी, राज्यपाल रामलाल यांनी त्यांना बरतर्फ करून भास्कररावांना मुख्यमंत्रिपद दिले. बहुमत रामारावांच्या बाजूस आहे हे डोकी मोजून दाखविण्याची तयारी असताना ती मोजणी विधानसभेत न होता राजभवनात झाली, हाच जनतेला असह्य अन्याय वाटला. आमदारांना शेजारच्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांच्या आश्रयाला ठेवावे लागले, नुकत्याच शस्त्रक्रियेतून उठलेले रामाराव चाकांच्या खुर्चीतून दिल्लीस राष्ट्रपतींपुढे गेले, राज्यभर हरताळ झाले. रामलाल यांना जावे लागले, त्यांच्या जागी शंकर दयाळ शर्मा आले आणि १६ सप्टेंबरला, बरोबर एका महिन्याने, रामाराव पुन्हा मसनदीवर बसले. या महिन्यात हैदराबाद शहराने दंगल आणि संचारबंदीही सोसली, हे विसरून चालणार नाही. त्या वर्षअखेरच्या लोकसभा निवडणुकीत, सबंध देश काँग्रेसच्या लाटेखाली असताना, तेलुगू देशम् पक्षाने ३० जागा जिंकल्या.

हा सारा प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांना १९९५ चा ऑगस्ट महिना समजावून घेणे फार कठीण गेले. डिसेंबर १९९४ मध्ये रामाराव पूर्वीपेक्षाही मोठ्या बहुमताने परत आले होते. त्यांच्या पक्षाला २१६ जागा आणि काँग्रेसला अवघ्या २६. असे असता आठ-नऊ महिन्यांत जावई चंद्राबाबू नायडू यांच्यामागे बहुसंख्य आमदार गेले. रामारावांचे स्वतःचे पुत्रही त्या बाजूस होते. हुसेनसागराकाठच्या व्हाइसरॉय हॉटेलात आमदारांचा तळ पडला, आणि त्याच चैतन्यरथम् गाडीतून तेथे पोचलेल्या वृद्ध नेत्यावर चपला भिरकावल्या गेल्या. १ सप्टेंबरला नायडूंचा शपथविधी झाला. रामारावांनी जावयाला औरंगजेबाची उपमा दिली, पण १९८४ चा लोकक्षोभ पुन्हा उसळला नाही. १८ जानेवारी १९९६ रोजी ते निवर्तले, तेव्हा मात्र त्यांच्या अंत्ययात्रेला शहर लोटले.

दोन्ही वेळी आमदार फुटले, दोन्ही वेळी जवळच्याच माणसाने सत्ता घेतली. मग लोकांच्या वर्तनात एवढी तफावत का? नायडूंचे संघटनकौशल्य हे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. १९८४ मध्ये आमदार सांभाळण्याच्या कामात त्यांचाच मोठा वाटा होता. तथापि माझ्या मते मूळ कारण अधिक खोल आहे. १९८४ मध्ये दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली होती, आणि तीही दिल्लीच्या आशीर्वादाने; म्हणून अनुयायाला आपलाच अपमान झाल्यासारखे वाटले. १९९५ मध्ये मात्र रामाराव आपल्या पत्नी लक्ष्मीपार्वती यांना दुसरे स्थान देत आहेत, असा समज पक्षात पसरला होता. १९९३ साली त्यांचा विवाह झाला होता. वारस म्हणून लक्ष्मीपार्वतींचे नाव जाहीर झालेले नव्हते, पण उमेदवारी कोणास, पद कोणास, या गोष्टींत त्यांचा शब्द चालतो, अशी तक्रार कार्यकर्त्यांच्या तोंडी होती. तिच्यात तथ्य किती आणि एका स्त्रीविषयीचा आकस किती, हे आजही निश्चितपणे वेगळे काढता येत नाही, आणि या दुसऱ्या भागाकडे त्या काळच्या टीकाकारांनी फारसे लक्ष दिले नाही याचा मला खेद वाटतो. परिणाम असा झाला की, बंडखोरांना आपले बंड हे नेत्याविरुद्धचे बंड नसून त्याच्या घराचे रक्षण आहे, असे सांगता आले.

सेंट लुईसच्या शेतकऱ्यांची आणि हुसेनसागराकाठच्या आमदारांची जातकुळी एक नाही. पहिले निष्ठेने पेटलेले होते, दुसरे सत्तेच्या हिशोबात निपुण. पण दोन्ही ठिकाणी एकच मर्यादा उघड झाली. लोकनायकाला त्याचे लोक आपले मत देतात, घाम देतात, प्रसंगी तुरुंगवासही पत्करतात. आपल्या प्रीतीची सनद दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा अधिकार मात्र ते त्याला सहसा देत नाहीत. पक्षनेत्याचा वारस पक्ष नेमतो, राजाचा वारस रक्त नेमते. लोकनायकाचे नाते व्यक्तीशी जडलेले असल्यामुळे त्याच्या वारसाला नव्याने लोकांपुढे जावे लागते. नायडूंनी हे ओळखले, असे म्हणावे लागेल. त्यांनी १९९६ मध्ये दोन रुपयांचा तांदूळ साडेतीन रुपये केला, १९९७ मध्ये दारूबंदी उठविली, आणि सासऱ्याच्या दोन्ही मोठ्या वचनांपासून दूर जाऊन, कार्यक्षम कारभाराच्या नावाने १९९९ ची निवडणूक जिंकली. तरीही पक्षाच्या फलकांवर रामारावांची छबी राहिली आणि पक्षाचा ‘महानाडू’ हा वार्षिक मेळावा आजही २८ मेच्या त्यांच्या जयंतीला धरूनच भरतो.

व्हान्स यांच्यापुढील प्रश्न या दृष्टीने पाहावा. १९५१ पासून अमलात असलेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही. म्हणजे तेथे दुसऱ्याची निवड ही पहिल्या दिवसापासूनच वारसाची निवड ठरते आणि अनुयायीही तिच्याकडे त्याच नजरेने पाहतात. सभांना जमणारी गर्दी व्हान्स यांच्या एकट्याच्या नावावर जमते काय, याचा पडताळा अजून व्हावयाचा आहे.

आपल्याकडे मुख्यमंत्र्याच्या खालोखालच्या दुसऱ्या स्थानाला घटनेत नावही नाही. आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांमधील १९५६ च्या करारात मात्र, मुख्यमंत्री आंध्रचा असेल तर उपमुख्यमंत्री तेलंगणाचा असावा, असे कलम होते, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी यांनी त्या पदाला हाताच्या सहाव्या बोटाची उपमा देऊन ते रिकामे ठेवले. तेलंगणाच्या मनात त्या एका निर्णयाने काय रुजले, ते पुढील लेखांकात.