नैराश्याची गोळी आणि चुकीच्या जागी धरलेली भीती

“एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही.” मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन घरी आलेल्या माणसाला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. मग गोळ्यांचं पाकीट कपाटात पडून राहतं, नाहीतर आठवडाभरात औषध बंद होतं. सवयीची भीती अगदीच निराधार नाही, पण बहुतेक वेळा ती चुकीच्या गोळीबद्दल धरली जाते.

आपल्याकडे नैराश्यासाठी सर्रास दिलं जाणारं एसिटालोप्राम घ्या. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही त्याच गटातली औषधं. त्यांची नशा चढत नाही, त्यांच्यासाठी जीव कासावीस होत नाही, तोच परिणाम मिळावा म्हणून डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण सुरुवातीच्या चिठ्ठीवर अनेकदा क्लोनाझेपामही असतं. कधी तर दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात. क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री झोप लावतं, धडधड थांबवतं. एसिटालोप्रामचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा ते आठ. आणि पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, क्वचित वाढलेली अस्वस्थता पदरी येते. घेणाऱ्याला वाटतं, ही गोळी चांगली, ती त्रासाची. तो क्लोनाझेपाम धरून ठेवतो आणि खरं औषध सोडून देतो. सवय लागते ती क्लोनाझेपामची. ते साधारणपणे थोड्या आठवड्यांपुरतंच द्यायचं असतं, पण जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चालू राहिलेलं दिसतं. तुमचंही तसंच चालू असेल तर हे वाचून आज रात्रीपासून बंद करू नका. बऱ्याच काळानंतर ते एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारा की माझ्या गोळीत नेमकी कोणती औषधं आहेत, आणि त्यातलं कोणतं किती दिवसांसाठी आहे. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग एसिटालोप्राम एकदम बंद केलं तर चालतं का? तेही नाही. गरगरणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास काही जणांना होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना तो जास्त दिसतो, तर शरीरात बराच काळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी. “बघा, व्यसन लागलंच होतं!” असं घरचे म्हणतात ते याच वेळी. हे व्यसन नव्हे. औषधाला सरावलेल्या शरीराला ते नसल्याची सवय व्हायला वेळ हवा असतो. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. कुणाचं काही आठवड्यांत भागतं, कुणाला काही महिने लागतात. गोळ्या बदलतानाही हेच भान हवं, कारण काही औषधांच्या मध्ये मोकळे दिवस सोडावे लागतात.

थांबवायचं कधी, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. बरं वाटू लागलं की गोळीचं काम संपलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पहिल्यांदा नैराश्य आलेलं असेल तर बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. लवकर सोडल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांना ते जास्त काळ लागतं. मधे एखादी गोळी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

“मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य येतं, गोळी ते भरून काढते.” हे अनेक दवाखान्यांत सांगितलं गेलं, आणि ते फार सोपं करून सांगितलेलं आहे. 2022 साली उपलब्ध संशोधनाचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या कल्पनेला भक्कम आधार सापडला नाही. त्यावरून काहींनी गोळ्याच निरुपयोगी ठरवल्या, तेही चूक. ‘द लॅन्सेट’मध्ये 2018 साली आलेल्या विश्लेषणात 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्णांची माहिती तपासली होती. त्यातली सर्व 21 औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली; फरक सरासरीनं माफक होता. म्हणजे गोळी उपयोगी आहे, पण ती जादू नाही. पहिलं औषध अनेकांना पुरेसं लागू पडत नाही, बदलावं लागतं. त्यात रुग्णाचा दोष नसतो. समुपदेशनाची जोड मिळाली तर पुष्कळांना अधिक फायदा होतो.

घरातली वेदनाशामक गोळी निरुपद्रवी असते, हाही एक समज. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन एसिटालोप्रामच्या गटातल्या औषधांसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध सोबत घेतल्यावर ताप, कंप, खूप घाम, जुलाब, बेचैनी सुरू झाली तर सरळ रुग्णालय गाठा. वयस्कर माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मग आजी भ्रमिष्टासारखं बोलू लागतात, तोल जातो, आणि सगळे म्हणतात, वय झालं. साधी रक्ततपासणी खरं कारण दाखवते. दारूचं तर नावच नको.

लैंगिक इच्छा कमी होणं, भावना बोथट झाल्यासारखं वाटणं, हे परिणामही खरे आहेत. लाजेपोटी लोक डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. दिवस गेल्याचं कळलं तरी घाबरून औषध बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा.

शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतःहून घेणं तर फारच धोक्याचं. ज्याला पूर्वी अति उत्साहाचे, बिनझोपेचे झटके येऊन गेलेत, त्याला नुसत्या या गोळीनं तसा झटका पुन्हा येऊ शकतो. डॉक्टरांना हा इतिहास आवर्जून सांगा.

आणि वय पंचविसाच्या आत असेल तर सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून जपायचे. या वयात काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 पासून मुलांसाठी आणि 2007 पासून 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तशी ठळक सूचना औषधावर छापायला लावली आहे. गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात ठेवा. मरणाचे विचार कोणत्याही वयात आले तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयाला गाठा. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.