आवास, ड्रॉ आणि अकरा महिने

१९३१ साली बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा प्रशासकीय शब्दांचा कोश काढला. एकेका इंग्रजी संज्ञेपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय मांडलेले. कारभार रयतेला कळेल अशा भाषेत चालावा, हा सयाजीराव महाराजांचा आग्रह त्यामागे होता. आज त्याच बडोदे शहराच्या पश्चिमेला, गोत्रीत, आवास योजनेचा फॉर्म भरायला बसलेल्या मराठी घरात ईडब्ल्यूएस, कारपेट, सबसिडी, ड्रॉ हे शब्द ऐकू येतात. कोश कुणी मागत नाही, एजंटला विचारतात. पण या शब्दांची यादी करून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. घरमालक होऊ पाहणाऱ्यासाठी सरकारी शब्दांचा ढीग आहे. भाडेकरूच्या वाट्याला मोजून दोन-तीन.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. गोत्री मुळात गाव. शहर पसरत आलं, रस्ते रुंदावले, जीएमईआरएसचं मोठं हॉस्पिटल झालं आणि शेताचे प्लॉट झाले. गुजरातेत हे 'टीपी स्कीम'मधून, म्हणजे नगररचना योजनेतून, होतं. अनेकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा कापायचा आणि उरलेली जमीन नीट आखून परत द्यायची. मूळ प्लॉट तो 'ओपी', परत मिळालेला 'एफपी', आणि मधली ती 'कपात'. शेतकऱ्याच्या तोंडी हा शेवटचा शब्द शिवीसारखा येतो. पण १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्यात याच कपातीतून दुर्बल घटकांच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन राखायची तरतूद आहे. ही पद्धत १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली. महाराष्ट्रात ती मागे पडली, गुजरातने टिकवली. सरकारी घरांना शहरात जागा मिळण्यामागे हा रुक्ष हिशेब आहे, म्हणून मला तो घोषणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

जमिनीनंतर माणसांची मोजणी. २५ जून २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात पहिल्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेलं कुटुंब ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ३ ते ६ लाखांचं एलआयजी (अल्प उत्पन्न), त्यापुढे १८ लाखांपर्यंत एमआयजीचे (मध्यम उत्पन्न) दोन गट होते. ३ लाख म्हणजे महिना २५ हजार, तेही नवराबायको मिळून. नवरा रिक्षा चालवतो, बायको हॉस्पिटलात आया आहे आणि दोघांचे मिळून २६ हजार होतात, तर घर एका पायरीने वर सरकतं. आणि वर सरकणं इथे तोट्याचं असतं. म्हणून मामलतदार कचेरीतल्या 'आवकीच्या दाखल्या'ला एवढं मोल. महाराष्ट्रात हाच कागद तहसीलदाराकडचा उत्पन्नाचा दाखला.

घराचं मापही गटाप्रमाणे होतं. ईडब्ल्यूएसला ३० चौरस मीटर कारपेट, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. एलआयजीला ६० चौरस मीटर. २०१६ च्या रेरा कायद्याने कारपेटची व्याख्या पक्की केली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायच्या. बिल्डरच्या जाहिरातीतला 'सुपर बिल्टअप' मात्र जिना आणि लिफ्टही ग्राहकाच्या पदरात बांधतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खाजगी फ्लॅटमधली एक खोली नाहीशी झाल्यासारखी वाटते.

सगळ्यात अवघड व्याख्या 'कुटुंब' या साध्या शब्दाची. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आणि यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. खानदेशातून बडोद्याला आलेल्यांची इथेच अडचण होते. वडिलांच्या नावावर गावी विटांचं घर असेल तोवर वेगळा संसार करणाऱ्या मुलाच्या ते आड येत नाही. वडील गेले, वारस म्हणून त्याचं नाव चढलं, की जिथे तो वर्षातून आठ दिवस राहतो त्या घराने तो बाद ठरू शकतो. याच व्याख्येच्या शेजारची एक अट मात्र मनापासून पटते: घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. कित्येक घरांत स्त्रीचं नाव मालमत्तेच्या कागदावर पहिल्यांदा या अटीमुळे आलं असेल.

मग ड्रॉ. म्हाडाच्या भाषेत सोडत, बडोद्याच्या मराठीत 'ड्रॉत घर लागलं'. नाव निघालं की माणूस 'लाभार्थी' होतो. पण शेजाऱ्यांनी तो मान्य करायला हवा, असं कुठल्याच नियमात नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीत महापालिकेने बांधलेल्या ४६२ घरांच्या मोटनाथ रेसिडेन्सीत २०१७ साली एका मुस्लिम महिलेला मुख्यमंत्री आवास योजनेतून घर लागलं. ती एकटीच मुस्लिम लाभार्थी. रहिवाशांनी विरोध केला, 'अशांत धारा' पुढे केला, आणि २०२४ मध्येही हा वाद पेपरात गाजत होता. अशांत धारा म्हणजे ठरावीक भागांत मालमत्ता विकण्याआधी कलेक्टरची परवानगी मागणारा कायदा. सरकारने सोडतीत दिलेल्या घराविरुद्ध त्याचा आधार घेतला जावा, हे मला निव्वळ निर्लज्जपणाचं वाटतं.

आता भाडेकरू. त्याच्यासाठी जुना शब्द 'स्टँडर्ड रेंट', १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातला: १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण. बडोदं १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. गुजरात वेगळा झाल्यावरही कायदा राहिला. गोठलेल्या भाड्यामुळे पागडी आली, वाड्यांची डागडुजी थांबली, आणि महाराष्ट्रापुरतं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे गोठवणं अवाजवी ठरवलं. नव्या वस्तीत या कायद्याचं नावही निघत नाही. तिथे 'अकरा महिने' चालतात, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यावर आणून ठेवली, पण तो राज्यांसाठीचा नुसता नमुना आहे.

सरकारी तांत्रिक गटाने २०१२ साठी शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार सांगितली. २०११ च्या जनगणनेत शहरांतली रिकामी घरं होती सुमारे १ कोटी ११ लाख. दोन आकडे एका कागदावर लिहिले की प्रश्न नुसता बांधण्याचा राहत नाही. तरी 'आवास' म्हणजे मालकी, हे समीकरण सुटलं नाही. ज्याला घर लागलं त्याने ते भाड्याने दिलं की तो गुन्हेगार, आणि गुजरातेत महापालिकेची माणसं मूळ लाभार्थी राहतो का ते तपासत फिरतात. काम लांब गेलं, मुलांची शाळा दुसरीकडे गेली, म्हणून घर बदलणारा माणूस या व्यवस्थेला समजतच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले, तेव्हा कुठे सरकारच्या शब्दकोशात भाडं आलं: 'परवडणारी भाडेतत्त्वावरील घरसंकुलं', एआरएचसी. जेएनएनयूआरएम या आधीच्या केंद्रीय योजनेच्या काळात बांधून पडून राहिलेली घरं भाड्याने द्यायची. सुरतेत अशी ३९३ घरं वापरात आणली. अमेरिकेत १९७४ पासून 'सेक्शन ८' आहे. तिथे कुटुंब साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरतं, वरची रक्कम ठरलेल्या मर्यादेत सरकार घरमालकाला देतं, आणि बहुतेक मदत माणसाबरोबर घर बदलते. तिथे रांगा वर्षानुवर्षांच्या आहेत, पात्र असून न मिळालेले खूप, तेव्हा आरती ओवाळायचं कारण नाही. पण माप उत्पन्नाशी बांधलेलं आहे. आपल्याकडे भाडं किती असलं म्हणजे परवडणारं, याचा असा हिशेब भाडेकरूच्या पगारावरून होत नाही.

२०२४ मध्ये आलेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र कलम मिळालं, ही पुढची पायरी. पैसा मात्र इथेही इमारतीकडे वळतो: रिकामी सरकारी घरं दुरुस्त करणाऱ्याकडे, नाहीतर नवं तंत्र वापरून बांधणाऱ्याकडे. गोत्रीत दोन खोल्यांचं भाडं भरणाऱ्या आयाबाईच्या खात्यात यातला एक रुपयाही थेट येत नाही. तिला अर्ज करायचा असेल तर तो अजूनही घर विकत घेण्याचाच असतो.