जुना लॅपटॉप आणि कामाचे लॉगिन

घरून काम करणाऱ्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांपाशी जुना, वापरून विकलेला लॅपटॉप असतो. लॉगिन झाले नाही, तर त्या दिवसाची हजेरीच लागत नाही. पासवर्ड अचूक असूनही प्रवेश नाकारला गेल्यास प्रथम लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. घड्याळ चालविणारी ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली, की वीज तुटताच तारीख अनेक वर्षे मागे जाते. त्या तारखेस संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र निघालेलेच नसते. म्हणून ब्राउझर ते अमान्य करतो. अशा वेळी पुनःपुन्हा पासवर्ड टाकू नये. खाते काही काळ बंद होऊ शकते. तारीख व वेळ दुरुस्त करावी, बॅटरी बदलून घ्यावी. सेटिंग्जमध्ये पूर्वीच्या कंपनीचे खाते उरले असल्यास विक्रेत्याकडून ते काढून घ्यावे. या दोन्ही बाबी खरेदीच्या वेळीच तपासणे हिताचे.