लाल रंग म्हणजे पाऊस नव्हे : उपग्रहाच्या प्रतिमेत नेमके काय दिसते?

नवी दिल्ली : पावसाळ्यात अथवा समुद्रात वादळ घोंघावू लागले की दूरचित्रवाणीवर आणि मोबाईलवर एकच चित्र फिरू लागते. त्यात भारताच्या नकाशावर पांढऱ्या, निळ्या, लाल ढगांचे पुंजके दिसतात. आपल्या गावावर लाल डाग दिसला की धाकधूक सुरू होते आणि तो नसला की निश्चिंतता वाटते. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या ठरू शकतात, कारण त्या प्रतिमेत पाऊस टिपलेलाच नसतो. तिच्यात मोजलेले असते ते ढगांच्या माथ्याचे तापमान, आणि लाल रंग बहुधा सर्वांत थंड माथ्याला दिलेला असतो. त्यातही प्रत्येक संकेतस्थळाची रंगपट्टी निराळी असल्याने एकाच क्षणाची दोन चित्रे वेगवेगळी भासू शकतात.

या प्रतिमा येतात भूस्थिर उपग्रहांकडून. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढाच वेळ लागतो. त्यामुळे तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा राहतो. इतर अनेक हवामान उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. ते जमिनीपासून खूप जवळ असल्याने अधिक बारकाईने पाहतात, पण एकाच ठिकाणावरून दिवसातून दोन वेळाच जातात. भूस्थिर उपग्रहाची नजर तेवढी तीक्ष्ण नसली तरी ती हटत नाही. अमेरिकेच्या एटीएस-१ उपग्रहावरील कॅमेऱ्याने १९६६च्या डिसेंबरपासून अशा सलग प्रतिमा पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा ढगांची हालचाल माणसाला प्रथमच अखंड पाहता आली.

भारताला ही दृष्टी १९८३मध्ये इन्सॅट-१बी उपग्रहामुळे लाभली. १२ सप्टेंबर २००२ रोजी केवळ हवामानासाठी वाहिलेला मेटसॅट उपग्रह अवकाशात गेला. कल्पना चावला यांच्या निधनानंतर त्याचे नाव ‘कल्पना-१’ ठेवण्यात आले. सध्या भारतीय हवामान विभागाची भिस्त २०१६मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेल्या इन्सॅट-३डीएस या दोन उपग्रहांवर आहे. यांपैकी दुसऱ्याचा संपूर्ण खर्च भूविज्ञान मंत्रालयाने उचलला.

या उपग्रहांवरील प्रतिमाग्राहक सहा वेगवेगळ्या तरंगलांबींत पाहतो. दृश्य प्रकाशातील प्रतिमा आपल्या डोळ्यांना दिसेल तशी असते. तिच्यात एक किलोमीटरपर्यंतचा तपशील उमटतो, पण सूर्य मावळताच ती निरुपयोगी होते. रात्री उपयोगी पडते ते अवरक्त किरणांतील मोजमाप. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता बाहेर टाकते. हवेत दर किलोमीटर चढावे तसे तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे माथ्याचे तापमान कळले की ढगाची उंचीही कळते. शून्याखाली ७० अंशांपर्यंत थंड माथा म्हणजे १५ किलोमीटरच्या आसपास पोहोचलेला उत्तुंग गडगडाटी ढग. तिसरी एक तरंगलांबी वातावरणाच्या वरच्या थरातील बाष्प टिपते. तिच्यात ढग नसलेल्या जागीही कोरड्या व दमट हवेचे प्रवाह दिसतात.

दोन तरंगलांबींची तुलना केली तर आणखी माहिती हाती येते. हिवाळ्यात दिल्ली, पंजाब व उत्तर प्रदेशावर पसरणारे धुके हे त्याचे उत्तम उदाहरण होय. धुक्याचा माथा जमिनीएवढाच थंड असल्याने साध्या अवरक्त प्रतिमेत तो जमिनीत मिसळून जातो. परंतु धुक्यातील सूक्ष्म थेंब सुमारे ३.९ मायक्रॉन तरंगलांबीत कमी उष्णता बाहेर टाकतात. त्यामुळे या तरंगलांबीतील तापमान आणि नेहमीच्या अवरक्तातील तापमान यांची वजाबाकी केली की धुक्याची चादर रात्रीच्या अंधारातही वेगळी उठून दिसते. मात्र वर उंच ढग आला, की खालचे धुके झाकले जाते.

आता मूळ प्रश्न : थंड माथा म्हणजे मुसळधार पाऊस का? अनेकदा होय, पण नेहमी नव्हे. मोठे गडगडाटी ढग विरताना त्यांचे बर्फकणांचे पातळ आवरण शेकडो किलोमीटर पसरते. ते अतिशय थंड असते, म्हणून नकाशावर गडद रंगात दिसते. खाली मात्र थेंबही पडत नाही. याच्या उलट प्रकार सह्याद्रीत घडतो. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा घाटावर चढते आणि तुलनेने बुटक्या ढगांतूनच संततधार कोसळते. या ढगांचे माथे फारसे थंड नसल्याने अवरक्त प्रतिमेत ते साधेच भासतात. महाबळेश्वर, आंबोली किंवा कर्नाटकातील आगुंबे येथे पावसाने झोडपलेले असताना उपग्रहाच्या रंगीत नकाशावर त्याची विशेष दखल दिसू नये, हे म्हणूनच नवल नव्हे. उपग्रहावरून काढलेले पावसाचे अंदाज पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहावे लागतात, त्यामागे हेच कारण आहे.

अंतराचाही प्रश्न आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७४ मिलिमीटर. अवरक्त प्रतिमेतील एक ठिपका आज चार किलोमीटरचा चौरस व्यापतो. त्याहून लहान जागेत काय चालले आहे, ते त्यात सरासरीत विरून जाते. शिवाय उपग्रह विषुववृत्तावरून तिरपे पाहत असल्याने उंच ढग आपल्या खऱ्या जागेपेक्षा उत्तरेकडे सरकलेला दिसतो. काश्मीरसारख्या प्रदेशात हे अंतर दहा किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. सपाट मैदानात एवढ्याने फारसे बिघडत नाही. डोंगराळ मुलखात तो ढग शेजारच्या खोऱ्यावर दिसतो. ही चूक गणिताने सुधारता येते, पण मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रात ती सुधारलेली असेलच असे नाही.

ही साधने सर्वाधिक मोलाची ठरतात ती समुद्रावर, कारण तेथे पर्जन्यमापक नाहीत आणि किनाऱ्यावरील रडारची नजर काहीशे किलोमीटरपलीकडे जात नाही. वादळात विमान नेऊन वाऱ्याचा वेग मोजण्याची अमेरिकेसारखी नियमित सोय उत्तर हिंदी महासागरात नाही. त्यामुळे चक्रीवादळाची तीव्रता ठरवताना येथे व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७०च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीचा आधार घेतला जातो. ढगांच्या पट्ट्या केंद्राभोवती किती गुंडाळल्या आहेत, डोळा किती उबदार आणि त्याभोवतीचे कडे किती थंड, हे पाहून वादळाला एक ते आठपर्यंत अंक दिला जातो. तीव्र वादळात अर्ध्या अंकाचा फरक म्हणजे वाऱ्याच्या वेगात ताशी वीसेक किलोमीटरचा फरक. अनुभवी नजरेचे महत्त्व संगणकाच्या काळातही टिकून आहे ते यामुळेच. याखेरीज लागोपाठच्या प्रतिमांत ढग किती सरकले यावरून वरच्या हवेतील वाऱ्यांचा वेग काढला जातो आणि तो अंदाज वर्तवणाऱ्या संगणकीय प्रारूपांना पुरवला जातो.

ओडिशात ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३च्या ‘फायलिन’मध्ये आणि २०१९च्या ‘फनी’मध्ये मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला; फनीपूर्वी सुमारे १२ लाख लोकांना हलवण्यात आले होते. याचे सारे श्रेय उपग्रहांना देणे मात्र अन्यायाचे होईल. उपग्रह १९९९मध्येही वादळ पाहत होते. नंतरच्या काळात अंदाज सुधारले, पण त्याबरोबर निवारे उभे राहिले आणि गावोगाव माणसे हलवणारी यंत्रणा सज्ज झाली. २०१७च्या ‘ओखी’ने याची दुसरी बाजू दाखवली. २९ नोव्हेंबरला कमी दाबाच्या तीव्र क्षेत्रापासून सुरुवात झालेल्या या प्रणालीचे दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ झाले. केरळ व तमिळनाडूच्या अनेक नौका त्याआधीच कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात गेल्या होत्या. तेथपर्यंत इशारा पोहोचवण्याचे साधनच नव्हते आणि शेकडो मच्छीमार दगावले किंवा बेपत्ता झाले. खोल समुद्रातील नौकांना उपग्रहामार्फत संदेश देणारे ‘जेमिनी’ उपकरण त्यानंतर, २०१९मध्ये आले.

पुढचा प्रश्न वेळेचा आहे. भारताचा एक उपग्रह अर्ध्या तासाने एक संपूर्ण प्रतिमा देतो. दोघांच्या वेळा मागेपुढे ठेवल्याने हे अंतर १५ मिनिटांवर येते. जपानचा हिमावारी आणि अमेरिकेचे नवे गोज उपग्रह दर दहा मिनिटांनी संपूर्ण गोलार्ध टिपतात. निवडक भागासाठी हिमावारी अडीच मिनिटांनी, तर गोज मिनिटामिनिटाला प्रतिमा देऊ शकतो. चक्रीवादळासाठी १५ मिनिटे पुरेशी आहेत. अर्ध्या तासात फुलून कोसळणाऱ्या वैशाखातील वळवाच्या ढगाला मात्र ती फार होतात.

विजांबाबत ही उणीव अधिक बोचते. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत शेतात काम करणाऱ्यांची संख्या मोठी असते. अमेरिका, युरोप आणि चीन यांच्या भूस्थिर उपग्रहांवर विजांचे लखलखाट टिपणारी उपकरणे आहेत. इन्सॅट-३डीएसवर तसे उपकरण नाही. भारतात ही कामगिरी जमिनीवरील संवेदकांचे जाळे पार पाडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप याच जाळ्याच्या आधारे आसपासच्या परिसरातील विजांची सूचना देते. आकाश अंधारून आल्यावर शेतकऱ्याने मोबाईलवर उपग्रहाच्या रंगीत चित्राऐवजी हे ॲप उघडणे अधिक उपयोगाचे आहे.