ॲपला किल्ली कोणती द्यावी?

घोटीच्या बाजारात आता भाजीवाल्या मावशींच्या हातातही मोठा फोन दिसतो. त्यात नवे ॲप घेतले, की ते परवानगी मागते. आपण घाईने 'हो' दाबतो. पण 'हो' कशाला म्हटले?

ॲप म्हणजे घरी ठेवलेला गडी समजा. ज्या खोलीची किल्ली द्याल, ती खोली त्याला उघडते. 'संपर्क' म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांची नावे नि नंबर. 'लोकेशन' म्हणजे आपण कुठे आहोत ते. 'मायक्रोफोन' म्हणजे आपला आवाज. हवामान सांगणाऱ्याला आपले गाव कळले, तर ठीक. पण बत्ती लावणाऱ्या ॲपला मेव्हण्याचा नंबर कशाला हवा?

आवणीच्या दिवसांत पैशाची नड असते. झटपट कर्ज देणारी काही ॲप नंबरांची यादी उचलून नेत. हप्ता चुकला, की सोयऱ्यांना फोन करून बेअब्रू करीत. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला. कर्जाच्या ॲपने संपर्क, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावू नये. तरी कोणी मागितलेच, तर सरळ 'नाही' दाबा.

दिलेली किल्ली काढूनही घेता येते. सेटिंगमध्ये जा, ॲपचे नाव दाबा, 'परवानग्या' उघडा, तिथे बंद करा. मात्र आधीच नेलेली यादी परत येत नाही.